मोरीतलं घमेलं

लाकडाच्या ओल्या भुशाचा वास आला की नारायण पेठेतली भाड्याची खोली आठवते. घरात प्राणी नकोत, ही मालकांची पहिलीच अट होती. तरी आम्ही दोघी मैत्रिणींनी चोरून एक मांजर पाळली होती. तिच्या शी-शूसाठी ठेवलेल्या खोक्याला ओल लागायची, म्हणून आम्ही घमेलं निवडलं, त्यात भुसा भरला आणि मोरीच्या पडद्याआड लपवलं. एका दुपारी मालक दारात उभे असतानाच आत खरखर सुरू झाली. "उंदीर आहेत," मैत्रीण पटकन म्हणाली. मालकांनी शांतपणे खिशातून विषाची पुडी काढली. "मग ही ठेवू पडद्यामागे?" "नको! मांजर आहे आमची," मी ओरडले. "ते ठाऊक आहे हो," ते हसून म्हणाले, "म्हणून तर पुडी घेऊन आलो." आजही भाडेकरू संघाच्या पत्रकात 'दहशत' हा शब्द लिहिताना मला मालकांचा तो सभ्य आवाज ऐकू येतो.