शेवटची झडी

महाबळेश्वरच्या उतारावरचा आमचा बंगला विकला. मेअखेरीस मी सामानाची यादी करायला गेले. जांभ्याच्या जाड भिंती, दरीकडे तोंड केलेला लांब व्हरांडा, पणजोबांनी हट्टानं उंच ठेवलेलं जोतं, यातलं काहीच यादीत बसेना. पश्चिमेच्या भिंतीवर आमचे राखणदार धोंडूकाका गवताची झडी बांधत होते. पावसाचा मारा भिंतीला लागू नये म्हणून दरवर्षी बांधतात तशीच.

"काका, दिवाळीनंतर पाडणार आहेत बंगला. कशाला राबताय?"

"म्हाईत हाय की. म्हनून तवर भिजू द्यायचा व्हय?"

बाबांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी हात टेकल्यावरही मी त्यांची दाढी रोज करून देत होते. मी सुतळीचं दुसरं टोक धरलं.

"घट्ट आवळा, ताई. हितलं वारं लई वंगाळ."