पाच ठिपक्यांचा खटला

सर्व संबंधितांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, सोनपेठ तालुक्यातील एका मुलीच्या बेंबीभोवती असलेल्या पाच काळ्या ठिपक्यांमुळे तीन वैद्यकीय मंडळे, एक उच्च न्यायालय, अनेक वकील आणि एक सेवानिवृत्त हवालदार यांचा बहुमोल वेळ खर्ची पडला आहे. प्रकरण गंभीर आहे. वाचताना हसू नये. मी हसतो, पण मला पेन्शन आहे.

तो हवालदार मी. राहणार पेडगाव. बावीस वर्षं सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो. म्हणजे जवान ज्याला 'डॉक्टरसाब' म्हणतात आणि खरे डॉक्टर 'अरे, इकडे ये' म्हणतात, तो माणूस.

ही गोष्ट सुरू झाली तेव्हा आमची पलटण उत्तरेत, बर्फात होती. चौकीचं नाव सांगत नाही. सवय आहे. सकाळी सहाला रोल कॉल, सातला सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची रांग. त्या रांगेत निम्मे आजारी आणि निम्मे आळशी असत. कोण कोणता, हे मला बुटांच्या आवाजावरून कळायचं. महिन्यातून एकदा मात्र सगळ्यांचीच तपासणी. बनियन काढून उभं राहायचं.

त्या तपासणीला नवे कॅप्टन डॉक्टर आले होते. नाईक माणिकपाशी थांबले. माणिक सोनपेठकडचा, घरी मेंढरं. पलटणीत जिल्ह्यातले आम्ही दोघंच. कॅप्टननी त्याच्या पोटाकडे बोट केलं.

"ये ऑपरेशन कब हुआ?"

"ऑपरेशन नहीं, सर."

"तो ये पाँच छेद किसने किये?"

"माँ ने, सर."

"माँ सर्जन है?"

"नहीं सर. भेड़ें चराती है."

कॅप्टन माझ्याकडे वळले. हा जवान मस्करी करतोय असं त्यांना वाटलं. मी सावधान उभा राहून खुलासा केला. आमच्याकडे लेकराला डबा झाला, म्हणजे छाती घरघरून पोट उडायला लागलं, की बिब्बा तापवून बेंबीच्या भोवती चटके देतात. बिब्ब्याचा डाग जन्मभर जात नाही. चटक्याने रोगही जात नाही, हे मी नर्सिंग असिस्टंट म्हणून इथंच सांगून ठेवतो. लेकराला दवाखान्यात न्या. पण जिथं दवाखाना तीन कोस आणि मेंढरं वाड्यात सोडून जाता येत नाही, तिथं आईच्या हाताशी बिब्बाच असायचा.

कॅप्टननी नोंद केली. स्पेलिंग मला तीनदा विचारलं. परेड संपल्यावर माणिक म्हणाला, "कामून एवढं समजावून सांगितलंस रे? आईला सर्जन होऊ दिलं असतं की!"

जानेवारीत एक दिवस 0530 ला पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघालं. आठ जण. त्याआधी लंगरात पुरी-भाजी झाली. माणिकने सात पुऱ्या खाल्ल्या आणि आठवी खिशात घातली. डॉक्टर रजेवर होते. 1420 ला रेडिओ वाजला.

"ब्राव्हो टू बेस. स्लाइड. दोन जण खाली. ओव्हर."

"बेस टू ब्राव्हो. नावं सांगा. ओव्हर."

"एक बाहेर. दुसरा शोधतोय. ओव्हर."

जो बाहेर आला, तो रेडिओ ऑपरेटर. त्याला माणिकने काढलं होतं. त्याची बंदूक काढायला माणिक परत उतरला आणि वरून बर्फाचा दुसरा लोट आला. 1510 ला त्याला माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. मी जॅकेट कापलं. छाती दाबत राहिलो. पन्नास मिनिटं. सुभेदारसाहेबांनी शेवटी माझे दोन्ही हात धरले. 1600.

त्याला घेऊन मीच त्याच्या गावी आलो. त्याची आई, सरूमाय, मेंढरांच्या वाड्याबाहेर उभी होती. कडेवर माणिकची दोन वर्षांची लेक, शिवकन्या. सगळं गाव रडत होतं. सरूमायने मला बाजूला बोलावलं आणि एकच विचारलं.

"जेवला व्हता का?"

"होय, माय. सात पुऱ्या."

"मंग बरं," ती म्हणाली.

नंतरची वर्षं सांगत बसत नाही. मी रिटायर झालो, गावी आलो. शिवकन्या मोठी झाली. मेंढरांमागे धावून तिचे पाय असे झाले की सोळाशे मीटर म्हणजे तिला हाक ऐकून परत येण्याएवढं अंतर. मिलिटरी पोलिसांत मुलींची भरती निघाली आणि ती गेली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"काका, मला काढलं."

"पळण्यात?"

"न्हाई. पळण्यात मी दुसरी. पोटात काढलं."

"पोटात काय?"

"ते म्हणायलेत, तुझं दुर्बिणीचं ऑपरेशन झालंय."

"झालंय का?"

"काका, मी आजवर दवाखान्यात गेले ते मेंढीला घेऊन."

मी खाटेवर बसलो. मग हसू आलं, आणि त्याच्यामागून दुसरंही काही आलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडतात, एक बेंबीशी. दूरच्या मुलखातली डॉक्टर, दिवसाला शेकडो मुली, आणि समोर बेंबीभोवती पाच गोल खुणा. ती तरी बिचारी काय लिहिणार? सरूमायने नातीलाही डागलं होतं. मुलाला डागून तो वाचला होता ना!

फेरतपासणीची मुदत थोडी असते. गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिला कागद वाचला, खुणा पाहिल्या आणि वर आणखी लिहिलं: ऑपरेशनची माहिती उमेदवाराने दडवली. आता नापास तर नापास, वर खोटारडी. आणि पुढच्या भरतीला तिचं वय बसत नव्हतं. हीच एक संधी होती.

सरूमायने दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही. मी भाकरी पुढे केली तर म्हणाली, "म्या तिला पोटावर न्हाई डागलं रं. कपाळावर डागलं."

संभाजीनगरला खंडपीठात रिट दाखल केलं. वकील मॅडम तरुण होत्या, पण अर्ज असा लिहिला की वाचून मलाच सलाम ठोकावासा वाटला. माझं शपथपत्र होतं: या खुणा मी नोकरीत पाहिल्या आहेत, त्या बिब्ब्याच्या आहेत, आणि अशाच खुणा असलेल्या जवानाला सैन्याने फिट ठरवून सीमेवर ठेवलं होतं. सरूमायचंही शपथपत्र झालं. अंगठा लावताना ती कारकुनाला म्हणाली, "ल्ह्या, म्या डागलं. काय सजा देयची ती मला द्या."

"आजी, गुन्हा कबूल नाही करायचा. फक्त काय झालं ते सांगायचं."

"त्येच सांगायले की!"

सुनावणीला आम्ही तिघं मागच्या बाकावर. सरकारी वकील सभ्य गृहस्थ. त्यांचं म्हणणं, दोन तज्ज्ञ मंडळांनी पाहिलंय, न्यायालय डॉक्टर नाही. न्यायमूर्ती म्हणाले, न्यायालय डॉक्टर नाही हे खरंच. पण ऑपरेशन झालं असं म्हणता, तर पोटातून काढलं काय, ते कोणत्या कागदावर आहे? सरकारी वकिलांनी पानं चाळली. पुढून मागे, मागून पुढे. सरूमायला इंग्रजी कळत नव्हतं, पण पानं चाळणं कळत होतं. तिने मला कोपर मारलं. "घावंना जणू त्याला."

हुकूम झाला. नवं मंडळ, त्यात सर्जन, सोनोग्राफी, आणि निकाल लागेपर्यंत एक जागा रिकामी ठेवायची.

नव्या तपासणीच्या दिवशी 0800 ला आम्ही मिलिटरी हॉस्पिटलच्या दारात होतो. मी जुनी टाय लावली होती. शिवकन्या आत गेली. नऊ वाजले, दहा वाजले. मी बावीस वर्षं लोकांना 'घाबरू नका' म्हणत आलो, आणि त्या व्हरांड्यात मीच दाराकडे बघत येरझाऱ्या घालत होतो. सरूमाय भिंतीला टेकून खाली बसली होती. तिला बाक दिला, तर म्हणाली, "लाकडावर बसून देवाला हाक ऐकू जात न्हाई." असं कुठं असतं? पण मीही खाली बसलो.

1115 ला दार उघडलं. मेजर मॅडम, सर्जन, स्वतः बाहेर आल्या. मागे शिवकन्या, चेहरा दगडाचा. तो तिने बापाचा घेतलाय, काही कळू देत नाही.

मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. पित्ताशय जागेवर. अपेंडिक्स जागेवर. शस्त्रक्रियेचा पुरावा नाही. खुणा वरवरच्या, जुन्या भाजल्याच्या. खाली एक शब्द, मोठ्या अक्षरात. फिट.

"हवालदारसाहब, दादी को बता दीजिए," मॅडम म्हणाल्या.

मी सांगायला वळलो, आणि कागदच पुन्हा वाचायला लागलो. बावीस वर्षांची नोकरी, आणि तो एक शब्द तीनदा वाचला. शेवटी शिवकन्याच खाली वाकली आणि आजीच्या कानाशी म्हणाली, "आज्जे, घेतलं मला. पोटात काई कमी न्हाई म्हणले."

सरूमाय भिंतीला धरून उठली. व्हरांड्यात साठेक माणसं असतील, अधिकारी, जवान, नर्सेस, एक कर्नलसाहेब फाईल घेऊन चाललेले. तिने कुणाकडेही पाहिलं नाही. मान वर केली आणि मेंढरांना हाक मारतात त्या आवाजात ओरडली:

"माणिकाऽऽ! तुझ्या पोरीच्या पोटात समदं जागच्या जागी हाय रेऽऽ!"