पंचम हलवायचा नाही

महिना होत आला, पण हात काही पेटीकडं वळत नाहीत. माझा मित्र सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी भजनासाठी पेटी काढून बसलो होतो. पेटी तशीच उघडी टाकून पळालो... कोपरगावजवळच्या साखर कारखान्यात तो फिटर होता. गिटार स्वतःच्या हिमतीवर शिकलेला, आणि चाळिशी उलटल्यावर मलाही त्यानंच शिकवली. "हा डी मेजर, तीन सुरांची कॉर्ड. तुज्या भाषेत सा, ग, प. आता तिसऱ्या तारंवरचं बोट एक फ्रेट, म्हंजे एक पट्टी, फुडं घे. झाला ऑगमेंटेड." म्हणजे पंचम अर्धा सूर चढवायचा! सा आणि प जागचे हलत नाहीत, हे वडिलांनी माझ्या डोक्यात पक्कं बसवलेलं. मी बोट उचलेना. "देव हाय का त्यो पंचम?" तो हसून म्हणाला. मला ती कॉर्ड ऐकवत नसे. सूर कुठंच टेकत नाही, नुसती घालमेल. त्याला नेमकं तेच आवडायचं.

लेकीच्या, वर्षाच्या पाठवणीसाठी त्यानं एक चाल बांधली. तो सुरावट वाजवणार, मी कॉर्ड धरणार, आणि वळणावर एकच ऑगमेंटेड. समोर आमचं अख्खं भजनी मंडळ बसलेलं. मी साधा मेजरच वाजवला, मुद्दाम. नंतर तो एवढंच म्हणाला, "पोरगी निघाली हुती रे. तू तिला दारातच बसवलीस." मी सांगितलं, बोट वेळेवर पोचलं नाही. त्यावर तो "हं" म्हणाला. पुढं दोन वर्षं आम्ही जवळजवळ रोज भेटलो. खरं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी सांगितलं नाही, याची मला लाज वाटते.

परवा वर्षा सुधाकरची गिटार घेऊन आली. म्हणाली, "काका, बाबांची ती चाल वाजवा ना. बाबा सगळ्यांना सांगायचे, पेटीवाल्याची बोटं जाड, त्यात त्याचा काय दोष..." माझं खोटं त्यानं असं सांभाळलेलं. मला बसवेना. उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो.

"बोट पोचत होतं गं. मीच नेलं नाही."

गिटार माझ्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, "त्यांना माहीत हुतं, काका. आता न्या."

मी बोट एक फ्रेट पुढं नेलं. ती घालमेल सोडून पुढच्या कॉर्डवर यायला मात्र हात तयार होईना.