पश्चिमेकडचा बाण

रेहानाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा माझा तास चालू होता. नांदेडच्या एका क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवतो, त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. हॉल तळघरात आहे. फोन घेऊन जिन्यात आलो, तर तिथेही ट्यूबलाइटच. बाहेर दिवस आहे हेसुद्धा मला घड्याळात बघून कळलं...

आपा मूळच्या लातूरच्या. भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या एका गावात त्यांना तात्पुरती नेमणूक मिळाली होती. पत्र्याची शाळा उभी राहिली, पण पोरं काही केल्या छपराखाली पाय ठेवेनात. दटावून दमल्यावर आपा फळा घेऊन कडुलिंबाखाली बसल्या. तिथेही ऊन अंगावर आलं की पोरं सरकायची, धडा मोडायचा आणि आपा चिडायच्या. एकदा एका पोरीने विचारलं, "बाई, झाड जाग्यावर हाय, मंग सावली का पळून राहिली?" आपांनी पुस्तकातलं उत्तर घडाघडा सांगितलं. पोरगी म्हणाली, "न्हाई कळलं." मग त्यांनी काठी रोवली आणि सावलीच्या टोकाशी खडे मांडत सगळी शाळा दिवसभर बसून राहिली. "उत्तर मला बी त्याच दिवशी कळलं, सर," आपा सांगायच्या. "तोवर मी नुसती बोलून राहिले होते." ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ते खडे मीच मांडल्यासारखे वाटतात.

नेमणूक संपली, लग्न होऊन त्या नांदेडला आल्या. गल्लोगल्ली क्लास निघत होते. आपांना ती काठी इथेही हवी होती. एकदा त्या अख्खी बॅच गच्चीवर घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत पालकांचे फोन आले. आमचे मालक हसत म्हणाले, "आपा, सावलीवर किती मार्क हायत?" दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं.

किनवटच्या एका आश्रमशाळेचे मुख्याध्यापक त्यांना बोलावत होते. तिथे जंगल होतं, मोकळं मैदान होतं. आपा जायला निघाल्या की मालक म्हणायचे, "एवढी बॅच निघू द्या." मग पोरांचे चेहरे बघून आपांचाच पाय निघेना. पुढे पुढे मालकांना म्हणावंही लागलं नाही. मी विचारलं की त्याच म्हणायच्या, "एवढी बॅच निघू द्या, सर. मंग तुम्ही बी चला." मला त्यांचा राग यायचा. माझाही यायचा.

दफनाला गेलो तेव्हा ऊन रणरणत होतं. इतकी वर्षं एका छताखाली काढली, पण आपांसोबत उन्हात मी पहिल्यांदाच उभा होतो. माझी सावली मातीवर पडली होती आणि मला रडू आवरेना.

परवा मी मालकांकडे गच्चीची किल्ली मागितली. एकच तास, म्हटलं. ते म्हणाले, "सर, एवढी बॅच निघू द्या." मी मान डोलावली आणि स्टाफरूममध्ये येऊन बसलो. त्या बिनखिडकीच्या खोलीत कपाटाच्या कडेला आपांनी नमाजासाठी खडूने पश्चिमेकडे बाण काढून ठेवला होता. तो अजून आहे. सूर्य कुठे मावळतो एवढं त्यावरून मला कळतं. मावळला की नाही, ते कळत नाही.