वैशालीची मुलाखत आणि माझं स्वयंपाकघर

लातुरात घराच्या वरच्या खोल्या शिकणाऱ्या पोरींना भाड्यानं दिल्या की किस्से हुडकायला जावं लागत नाही. चहाच्या वेळी ते आपणहून जिना उतरून येतात. सध्या वर दोघी आहेत, मुखेडची वैशाली आणि धर्माबादची प्रणिता. दोघी इंजिनिअर, दोघींची सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतीची तयारी. वैशालीच्या वडिलांनी बजावलेलं, उन्हाळ्यापर्यंत नोकरी, नाहीतर निलंग्याचं स्थळ.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले. तेव्हा क्लासवाचून शिकता येत नाही, असं माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही.

*

प्रणिताला जमवायचा भारी नाद. कुणी व्हिडिओ सुचवला, सेव्ह. कुणी पीडीएफ पाठवली, डाउनलोड. एकदा मोबाइलवर बाणच बाण काढलेलं चित्र दाखवलं.

"आजी, हा रोडमॅप. आधी काय, नंतर काय, सगळं हाय यात."

"छान हाय. आता ह्याच्यावर बसून धर्माबादला जाऊन दाखव."

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

*

वैशालीचं उलटं. सगळं यायचं, पण मनातल्या मनात. मुलाखतीत म्हणे विचारसुद्धा मोठ्यानं करावा लागतो, आणि आमच्याकडं पोरींना जन्मापासून "हळू बोल" शिकवलेलं. मी फर्मान काढलं, मी भाकरी थापते तोवर रोज एक धडा मला समजावायचा.

हॅश टेबल, म्हणजे कॉम्प्युटरात माहिती ठेवायची एक रीत, सांगताना म्हणाली, "आजी, तुम्ही हळद हुडकत बसता का? हात सरळ त्याच डब्यावर जातो. तसंच."

"आन् ह्या प्रणितानं ओव्याच्या डब्यात जिरं ओतलंय, त्याचं काय?"

वैशाली ताडकन उठली. "आजी, हाच प्रश्न विचारतेत मुलाखतीत!"

मला उत्तर नको होतं, ओवा हवा होता. पण भाकरी गार होईस्तोवर तिनं उत्तर सांगितलं.

*

सरावाच्या मुलाखतीला खुर्चीवर मी. प्रणितानं प्रश्न देवनागरीत लिहून दिलेले. मी चष्मा लावून विचारलं, "टेल मी अबाउट युवरसेल्फ."

वैशाली सुरू. माय फादर इज फार्मर, माय मदर इज हाउसवाइफ, माय ब्रदर...

"थांब. नोकरी तुला लागायलीय का घरादाराला?"

*

पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी प्रणितानं ऑनलाइन गाठली. ओळख ना पाळख, पण ती रविवारची सुट्टी मोडून दोघींच्या मुलाखती घ्यायची, चुका सांगायची. मी तिला शेंगदाण्याची चटणी पाठवली. लगेच फोन, "आजी, मी फी घेत नाही."

"फी न्हाई गं ती. चटणी हाय."

व्हिडिओतल्या मास्तरांचा पत्ता मिळत नाही, नाहीतर त्यांनाही डबा गेला असता. कुठं बसून शिकवतात कोण जाणे, आणि मुखेडची पोर शिकते. त्यांचं भलं होवो.

*

वैशालीच्या खऱ्या मुलाखतीची शेवटची फेरी माझ्या स्वयंपाकघरात झाली, वायफाय तिथंच नीट लागतं म्हणून. निलंग्याचे पाहुणे त्याच आठवड्यात येणार होते. मी परात घेऊन दाराबाहेर कणीक मळत बसलेली, गप्प राहायचं कबूल करून.

लॅपटॉपवरच्या कंपनीच्या साहेबांनी अवघड कोडं घातलं. दाराच्या फटीतून मला वैशालीचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नव्हता. उत्तर येत होतं पोरीला.

माझ्यानं राहवेना. "वैशे, तोंडानं बोल की गं!"

लॅपटॉपमधून आवाज आला, "हू इज दॅट?"

मान खाली न घालता वैशाली म्हणाली, "सर, मला रोज बोलायला लावणाऱ्या आजी हायेत त्या." आणि तिथूनच कोडं सोडवत सुटली, हातवारे करत, मला सांगते तशी.

साहेब बराच वेळ काहीतरी टाइप करत राहिले. मग म्हणाले, "आजींना बोलवा."

मी कणकेच्या हातांनी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, केलं मी पोरीचं वाटोळं.

साहेब मराठीत म्हणाले, "आजी, ऑफिसला मात्र हिला एकटीलाच पाठवा."