काडीमोडीतली काडी

घाटंजीच्या कोर्टात इतकी वर्षं वकिली केली, पण माझं मत कधी कोणी विचारलं नव्हतं. पक्षकार येतो तो स्वतःचं मत घेऊनच येतो; आपण ते कायद्याच्या भाषेत लिहून द्यावं, एवढीच त्याची अपेक्षा. न्यायाधीशांना मुद्दा हवा असतो, मत नको असतं. घरचं तर बोलायलाच नको. त्यामुळे इंग्लंडमधल्या एका वकीलबाईंचा ई-मेल आला आणि त्यात मला ‘भारतीय कौटुंबिक कायद्याच्या तज्ज्ञ’ म्हटलेलं दिसलं, तेव्हा हा दुसऱ्या कोणाचा मेल चुकून आला असं समजून मी उत्तरच दिलं नाही.

मग त्या वकीलबाईंच्या पक्षकार मुलीचाच फोन आला. ती आमच्याच तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरची. तिच्या वडिलांची शेतरस्त्याची केस माझ्याकडे होती. तारखेला ती त्यांच्याबरोबर यायची आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर नर्सिंगचं पुस्तक वाचत बसायची. आता ती इंग्लंडमधल्या एका दवाखान्यात नर्स होती. फोनवर ती अगदी शांतपणे बोलली. म्हणाली, “ताई, माझा नवरा म्हणतो मी त्याची बायकोच नाही. आणि ते खरं की खोटं हे सांगायला तिथल्या कोर्टाला आपल्याकडचं माणूस पाहिजे.”

हकीकत अशी होती. बारावी झाल्यावर तिचं लग्न पलीकडच्या तांड्यावरच्या एका मुलाशी लागलं. मुलगा वाईट नव्हता. पण तिला शिकायचं होतं आणि त्याला शेत सोडायचं नव्हतं. दोघांचं भांडणसुद्धा नीट झालं नाही. दीडएक वर्षानं दोन्हीकडची माणसं बसली, तांड्याच्या नायकानं दोघांना विचारलं, दोघांनी मान हलवली, दागिने ज्याचे त्याला गेले, चहा झाला आणि सगळे उठले. झाली काडीमोड. कोर्टाची पायरी कोणी चढलं नाही, कारण त्यांच्यात कोणीच चढत नव्हतं.

पुढे ती शिकली, परदेशी गेली आणि तिथे दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाशी तिनं रजिस्टर लग्न केलं. पहिल्या लग्नाचं तिनं त्याला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, जुनं ते विसरून जा. त्यांना मुलगी झाली. मग काही वर्षांनी त्याचा हात उठू लागला आणि तिनं घटस्फोटाचा अर्ज केला. तेव्हा त्याला ते विसरून जायला सांगितलेलं सगळं आठवलं. त्यानं कोर्टात म्हणणं दिलं की, हिचा पहिला घटस्फोट कुठल्या कोर्टानं दिलेला नाही, म्हणजे ही अजून पहिल्याचीच बायको आहे, म्हणजे आमचं लग्न झालंच नाही, मग घटस्फोट कशाचा?

“मला त्याच्याजवळ राहायचं नाही,” ती म्हणाली. “पण सोडून जायचं तर आधी त्याची बायको होते हे दाखवावं लागते.”

त्याच्या बाजूनं दिल्लीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी अहवाल दिला होता. तो मी वाचला आणि मला आवडला. हिंदू लग्न कोर्टाच्या हुकमानंच मोडतं. रूढीनं मोडण्याला कायद्यात मुभा आहे, पण ती रूढी जुनी, अखंड आणि ठाम असल्याचं सिद्ध करावं लागतं. या समाजाबाबत तसा पुरावा दिसत नाही. सगळे निवाडे बरोबर दिलेले. मी त्या बाजूला असते तर हेच लिहिलं असतं, फक्त इतकं चांगलं जमलं नसतं.

माझ्या अहवालावर सही करण्याआधी एक प्रतिज्ञा लिहून द्यायची होती: मला कोणीही नेमलं असलं, तरी माझं कर्तव्य कोर्टाशी आहे, त्या पक्षाशी नाही. हे वाक्य मी बार रूममध्ये वाचून दाखवलं. सगळे हसले. एका ज्येष्ठ वकिलांनी विचारलं की मग फी कोण देते?

रूढी सिद्ध करायची म्हणून मी तांड्यावर गेले. नायक म्हातारे, डोक्याला पांढरं पागोटं, अंगणात तूर निवडत बसलेले. मी पंचायतीचा विषय काढला तसे ते सावध झाले.

“पंचायत-बिंचायत काही नाही मॅडम आमच्याकडं,” ते म्हणाले. “सारं कायद्यानं चालते. ज्याले सोडचिठ्ठी पाहिजे तो कोर्टात जाते.”

त्यांचंही बरोबर होतं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध कायदा आल्यापासून तांड्यातांड्यावर माणसं येऊन सांगून गेली होती की, पंचायत बसवाल तर आत जाल. एक कायदा सांगत होता की तुमची रूढी दाखवा, आम्ही ती मानतो. दुसऱ्याच्या भीतीनं हा माणूस रूढीच लपवत होता. बहिष्कार वेगळा आणि दोघांच्या राजीखुशीनं झालेली फारकत वेगळी, हे मी त्यांना परोपरीनं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्यासाठी चहा मागवला आणि पुन्हा तेच सांगितलं.

तिथून मी तिच्या पहिल्या नवऱ्याकडे गेले. तो घरामागे कापसाचं बोद, म्हणजे मोठं पोतं, भरत होता. त्याचंही दुसरं लग्न झालेलं, तीन लेकरं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी सगळं सांगितलं. इंग्लंडात काय चाललं आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. ती बरी आहे ना, एवढं विचारून तो पुन्हा बोद दाबायला लागला. मग एकदम थांबला.

“म्हणजे ते काडीमोड खोटी ठरली,” तो म्हणाला, “त मंग हे माही कोण?” त्यानं दाराकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं की कायद्यानं पाहिलं तर तुमचं हे लग्नही अडचणीत येऊ शकतं.

त्याची बायको पहिल्यांदाच बोलली. “तिकडचा जज कायले ठरवते मी याची बायको हाय का नाही? त्यानं मले पाह्यलं हाय का?”

मी सांगितलं की तिकडचा निकाल इथे आपोआप लागू होत नाही. तिनं ते मनावर घेतलं नाही. नवऱ्याला बोद तिथंच सोडायला लावलं, डोक्यावर पदर घेतला आणि आमच्या पुढे चालत नायकाच्या अंगणात गेली. तिथे ती बंजाऱ्यांच्या गोर बोलीत काय बोलली ते मला सगळं कळलं नाही, पण नायकांनी तुरीचं सूप बाजूला ठेवलं. मग त्यांनी एकेक जोडपं सांगायला सुरुवात केली. त्यांच्या आजाच्या काळापासून कोणाची काडीमोड कुठे झाली, कोण नंतर कुठे नांदतं, कोणाच्या वेळी जेवण होतं आणि कोणाच्या वेळी नुसता चहा. त्यात त्यांच्या स्वतःच्या पहिल्या बायकोचंही नाव होतं. ती मारेगावकडे दिली होती आणि अजून सणाला त्यांच्याकडे येते म्हणाले.

नायकांची आणि पहिल्या नवऱ्याची शपथपत्रं मराठीत झाली आणि भाषांतरासाठी पुण्याला गेली. तिथल्या भाषांतरकारानं ‘काडीमोड’चा शब्दशः अर्थ लावला; नायकांच्या शपथपत्रात ‘फारकत’ होतं म्हणून ते वाचलं. परत आलेल्या इंग्रजीत पहिल्या नवऱ्यानं शपथेवर सांगितलं होतं की, त्यानं पंचांसमोर आगपेटीतली काडी मोडली. माझ्या ते लक्षात आलं नाही. दुसऱ्या नवऱ्याच्या वकिलाच्या आलं.

सुनावणी व्हिडिओवर झाली. मी माझ्या ऑफिसात, पंखा बंद करून, कारण त्याचा आवाज लंडनपर्यंत जात होता. समोरच्या बॅरिस्टरनं फार सभ्यपणे विचारलं की याआधी मी किती परदेशी कोर्टांपुढे तज्ज्ञ म्हणून मत दिलं आहे. मी म्हटलं, एकाही नाही. मग तो काडीवर आला. काडी कोणी आणली? ती दोघांनी मोडली की एकानं? तुकडे कोणाकडे राहिले? नायकांच्या शपथपत्रात काडीचा उल्लेख का नाही?

मी म्हटलं, “काडी नव्हती. तो नुसता शब्द आहे.”

तो म्हणाला की साक्षीदारानं तर शपथेवर काडी मोडल्याचं सांगितलं आहे.

मग मी न्यायाधीशांना सांगितलं की इंग्रजीत लग्नाची गाठ बांधली असं म्हणतात ते मी शाळेत शिकले आहे. तुमच्याकडच्या लग्नाच्या पुराव्यात मी दोरी मागितली, तर ती मिळेल का? न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. हसल्या की नाही ते दिसलं नाही. बॅरिस्टर पुढच्या मुद्द्याकडे गेला.

दिल्लीचे प्राध्यापक माझ्यानंतर बोलले. नायकांनी सांगितलेली जोडपी खरी धरली तर आपलं मत बदलेल का, असं त्यांना विचारलं. ते प्रामाणिक माणूस निघाले. म्हणाले की मग बदलेल; पण मला कोणी तांड्यावर जायला सांगितलं नव्हतं.

निकाल महिन्याभरानं आला. पहिली फारकत रूढीनं वैध, म्हणून दुसरं लग्न वैध. तिनं फोन केला तेव्हा ती ड्यूटीवर होती. म्हणाली, “ताई, मी त्याची बायको आहे असं ठरलं.” मग म्हणाली, “आता घटस्फोट लवकर होईल म्हणतात.” आणि ती रडली. मलाही नक्की कशाबद्दल तिचं अभिनंदन करावं ते कळेना, म्हणून मी मुलीचं विचारलं. घटस्फोट पुढे झाला. मुलगी तिच्याजवळ आहे.

इकडे त्याच सुमारास आमच्या कोर्टात एका दुसऱ्या तांड्यावरची तशीच केस लागली. मी मोठ्या विश्वासानं तो इंग्लंडचा निकाल जोडला. साहेबांनी तो चाळला आणि बाजूला ठेवला. परदेशी कोर्टाचं मत आपल्याला बंधनकारक नाही, म्हणाले. रूढी सिद्ध करायची असेल तर साक्षीदार आणा. बरोबरच होतं. मी पुढची तारीख घेतली.

मात्र एका स्थानिक पेपरात माझा फोटो छापून आला, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तज्ज्ञ म्हणून. दुसऱ्याच आठवड्यात मुकुटबनकडचे एक शेतकरी बस बदलत बदलत माझ्या ऑफिसात आले. कात्रण त्यांच्या खिशात होतं. सून माहेरी जाऊन बसली होती आणि नांदायला येत नव्हती.

मी म्हटलं, “दादा, तुमच्याकडं जवळचे वकील आहेत की. एवढ्या लांब कायले आले?”

“ते इकडचं पाहतात, मॅडम,” ते म्हणाले. “सून पैनगंगेच्या पलीकडची हाय. आदिलाबादची. दुसरं राज्य लागते तिथं.”

मी त्यांना बसायला सांगितलं आणि फाइल उघडली.