दुसरी ओळ

लातुरातल्या आमच्या कोचिंग क्लासचे कारकून प्रत्येक गोष्ट शब्द बदलून दोनदा सांगायचे. “सर, ऊन लई झालं, सूर्य पार डोक्यावर येऊन बसला.” ऐकताना झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटायचं, डोळे जड व्हायचे. एकदा मी हसलो, तर म्हणाले, “बायबलातल्या जुन्या हिब्रू गाण्यांची रीत हाय ही, सर. आमच्या चर्चमधी शिकलो. पहिली ओळ कानासाठी, दुसरी काळजासाठी.”

भूकंपानंतर काही दिवसांनी ते औशाकडच्या आपल्या गावाहून परतले. खुर्चीवर बसून त्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं.

“सर, घर पडलं.”

सवयीने मी दुसऱ्या ओळीसाठी थांबलो. ते मान खाली घालून पोरांची नावं लिहीत राहिले.

घरात कोण होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही.